ओसाड बेटांना राखण कशाला?

ताडोबाला राखण लागते हे कुणालाही पटतं. भोवती गावं आहेत, गुरं आहेत, रस्ते आहेत, चोरटे शिकारी आहेत. पण जिथे माणूस सहसा फिरकत नाही, जिथे पोचायला बोटीने कित्येक दिवस लागतात, जिथे झाड नाही, धक्का नाही, आहे ते फक्त धुकं आणि वारा, अशी बेटं अभयारण्य म्हणून जाहीर करून ती वाचवायची कुणापासून?

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर शोधायला अलास्काचा किनारा बरा. तिथे ही राखण शंभराहून अधिक वर्षं चालू आहे, आणि राखणदारांनीच केलेले घोळही जवळपास तितकेच जुने आहेत.

१. एक अभयारण्य, अडीच हजार तुकडे

'अलास्का मेरिटाइम नॅशनल वाइल्डलाइफ रेफ्यूज' असं तिथल्या अभयारण्याचं लांबलचक नाव. हा सलग प्रदेश नव्हे. बेटं, सुळके, खडक आणि समुद्रात घुसलेले कडे मिळून अडीच हजारांच्या आसपास तुकडे त्यात येतात. आग्नेयेला कॅनडाच्या हद्दीजवळचं फॉरेस्टर बेट आणि पश्चिमेला ॲल्युशियन बेटांच्या माळेतलं शेवटचं अट्टू, यांच्यामधलं अंतर तीन हजार किलोमीटरहून जास्त भरतं. उत्तरेकडे त्याची हद्द पार आर्क्टिकमधल्या चुकची समुद्रापर्यंत जाते. दर उन्हाळ्यात इथे सुमारे ४ कोटी समुद्रपक्षी वीण करतात.

या अभयारण्याचं आजचं रूप १९८० सालचं. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या सहीने अलास्कातल्या जमिनींचा मोठा कायदा झाला आणि आधी सुटी सुटी राखलेली बेटं एका छत्राखाली आली. सुटी राखण त्याहून बरीच जुनी. १९०९ साली थिओडोर रूझवेल्ट यांनी बेरिंग समुद्रातली काही बेटं राखीव केली, तर १९१३ साली विल्यम टाफ्ट यांनी जवळजवळ सगळी ॲल्युशियन माळ. कचेरी होमर नावाच्या छोट्या बंदर-गावात आहे. तिथून निघणारं अभयारण्याचं जहाज उन्हाळ्याच्या सुरुवातीला संशोधकांच्या लहान लहान तुकड्यांना डबे, तंबू आणि रेडिओसह बेटांवर उतरवतं आणि हंगाम संपला की परत घेऊन येतं.

मी 'ओसाड' म्हटलं खरं, पण तो दुरून पाहणाऱ्याचा शब्द आहे. उनांगान लोक ॲल्युशियन बेटांवर किमान आठ-नऊ हजार वर्षं राहत आले आहेत. कातड्याच्या होड्यांतून ते या समुद्रात शिकार करत. पक्ष्यांच्या कातड्यांचे अंगरखे घालत. अठराव्या शतकात रशियन व्यापारी आले. त्यांच्या बंदुका, वेठबिगारी आणि त्यांनी आणलेले रोग यांत हा समाज फार मोठ्या प्रमाणात संपला. १९४२ मध्ये जपानी सैन्याने अट्टू घेतलं, तिथल्या लोकांना कैद करून जपानला नेलं आणि युद्धानंतर वाचलेल्यांनाही त्या गावात परतता आलं नाही. म्हणजे आज जी बेटं निर्मनुष्य दिसतात त्यांतली काही निसर्गाने तशी ठेवलेली नाहीत. ती रिकामी केली गेली.

२. एवढे पक्षी इथेच का?

पहिलं कारण अन्न. ॲल्युशियन बेटांची माळ पॅसिफिक महासागर आणि बेरिंग समुद्र यांच्यामध्ये आडवी पडली आहे. भरती-ओहोटीचं पाणी बेटांमधल्या खिंडींतून जोराने ये-जा करतं आणि तळाचं थंड पाणी ढवळून वर येतं. या पाण्यात क्षार भरपूर असतात. उन्हाळ्यात दिवस लांबच लांब, म्हणून सूर्यप्रकाशही भरपूर. दोन्ही एकत्र आले की सूक्ष्म वनस्पती माजतात, त्यांवर कोळंबीसारखे बारीक जीव, त्यांवर छोटे मासे आणि त्या सगळ्यांवर पक्षी.

पण अन्न असून भागत नाही. समुद्रपक्षी वर्षातले कित्येक महिने पाण्यावर काढू शकतो, अंडं मात्र जमिनीवरच घालावं लागतं. इथे दुसरं कारण येतं. ॲल्युशियन माळेतल्या बहुतेक बेटांवर जमिनीवरून फिरणारा एकही शिकारी सस्तन प्राणी मुळात नव्हता. ना कोल्हा, ना मुंगूस, ना उंदीर. त्यामुळे पक्ष्यांना जमिनीवरच्या शत्रूची सवयच लागली नाही. पफिन मातीत बीळ खणतात. गिलेमॉट उघड्या कड्यावर, काटकीचाही आधार न घेता, टोकदार अंडं घालतात आणि खांद्याला खांदा लावून उभे राहतात. जेमतेम ८५ ग्रॅम वजनाचा लीस्ट ऑकलेट दगडांच्या फटीत शिरून अंडं घालतो. त्याचा भाऊबंद क्रेस्टेड ऑकलेट, डोक्यावर पुढे झुकलेला तुरा असलेला. त्याच्या पिसांना चक्क संत्र्याच्या सालीसारखा वास येतो. वसाहत मोठी असेल तर पक्षी दिसण्याआधी धुक्यातून हा वासच पुढे येतो. नागपूरच्या माणसाला तिथे क्षणभर बुचकळ्यात पडायला होईल.

आता थोडा हिशोब. यांतले बहुतेक पक्षी वर्षाला एकच अंडं घालतात आणि पिल्लू वयात यायला कित्येक वर्षं जातात. समजा एका कड्यावर शंभर जोड्या आहेत. शंभर अंड्यांतून साठ पिल्लं समुद्रात उतरली आणि त्यांतली निम्मी जगली, तर एका वर्षाच्या विणीतून पुढे कधीतरी तीस नवे पक्षी कड्यावर येतील. म्हातारे होऊन मरणाऱ्यांची जागा भरायला तेवढे पुरतात. पण त्याच कड्यावर एखादा नवा शिकारी आला आणि त्याने रोज एक पक्षी मारला, तर ती तिशी महिनाभरात संपते. यापुढे जे सांगायचं आहे ते सगळं या हिशोबावर उभं आहे.

३. सोडलेले कोल्हे

१७५० साली रशियन व्यापाऱ्यांनी अट्टूवर ध्रुवीय कोल्हे आणून सोडले. कल्पना अगदी सोपी होती: बेटाला कुंपण लागत नाही, पक्षी खाऊन कोल्हे आपोआप पोसले जातात आणि काही वर्षांनी येऊन कातडी गोळा करायची. पुढे १८६७ मध्ये अमेरिकेने अलास्का विकत घेतलं तरी हा धंदा थांबला नाही, उलट विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कातड्याचे भाव चढल्यावर तो ऐन जोरात आला. शेकडो बेटांवर कोल्हे पोचले.

गंमत म्हणजे टाफ्ट यांच्या १९१३ च्या हुकमात बेटं राखण्याचे जे उद्देश दिले आहेत, त्यांत पक्ष्यांच्या विणीसोबत रेनडिअर आणि कातड्याच्या प्राण्यांची पैदासही आहे. एकाच कागदावर पक्ष्यांना अभय आणि त्यांना खाणाऱ्याला परवाना! सरकारने राखीव बेटं कोल्हे पाळायला भाड्याने दिली, तीही बिनदिक्कत.

१९३६-३७ मध्ये ओलाउस म्युरी या जीवशास्त्रज्ञाने बेटं फिरून पाहणी केली. कोल्ह्यांनी काय करून ठेवलंय ते तेव्हा नीट कळलं. सगळ्यात वाईट गत झाली ॲल्युशियन कलहंसाची. हा जमिनीवर घरटं करणारा लहान चणीचा हंस. पिसं झडण्याच्या दिवसांत त्याला उडताही येत नाही. काही वर्षांनी तो नामशेष झाला असंच धरून चालले होते.

१९६२ साली अभयारण्याचे व्यवस्थापक बॉब जोन्स छोट्या होडीतून बुल्डिर बेटावर उतरले. या बेटापासून सगळ्यात जवळचं बेटही शंभर किलोमीटरवर. किनारा असा की होडी लावणं मुश्कील, म्हणून कोल्हेवाल्यांनी ते सोडून दिलं होतं. तिथे कलहंस होते, दोन-तीनशे. पुढचं काम अनेक वर्षांचं आणि रटाळ होतं. एकेका बेटावरचा शेवटचा कोल्हा सापळ्याने किंवा बंदुकीने संपवायचा, मग बुल्डिरचे हंस पकडून तिथे न्यायचे. शेवटचा कोल्हा हीच खरी डोकेदुखी, कारण एक नर आणि एक मादी उरली तरी सगळी मेहनत वाया. हंस हिवाळ्यात कॅलिफोर्निया-ओरेगॉनकडे जातात, तिथे त्यांच्या शिकारीवर बंदी आली. २००१ मध्ये हा पक्षी धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीतून बाहेर पडला, तेव्हा संख्या ३७,००० च्या घरात होती. आता तर कुरणातलं गवत फस्त करतात म्हणून तिकडचे शेतकरी तक्रार करतात.

कोल्ह्यांनी आणखी एक गोष्ट बदलली होती, तिच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. २००५ साली डॉन क्रॉल आणि सहकाऱ्यांनी कोल्हे असलेली आणि नसलेली बेटं शेजारी ठेवून तपासली. कोल्हे नसलेली बेटं हिरवीगार, गुडघाभर गवताची. कोल्हे असलेल्या बेटांवर मात्र खुरटी झुडपं आणि शेवाळ. कारण शिटीत होतं. पक्षी समुद्रात मासे खातात आणि बेटावर शिटतात, म्हणजे समुद्राचं खत जमिनीला मिळतं. कोल्ह्यांनी पक्षी संपवले, खत थांबलं, गवत गेलं. खात्री करायला संशोधकांनी कोल्ह्यांच्या एका बेटावर तीन वर्षं खत टाकून पाहिलं, तर गवत परत वाढू लागलं. कोल्ह्याने गवताला तोंडही लावलेलं नव्हतं.

४. उंदरांचं बेट

कोल्हे मुद्दाम आणले, उंदीर न बोलावता आले. १७८० च्या सुमारास एक जपानी जहाज एका बेटावर आपटून फुटलं आणि त्यातले उंदीर पोहत किनाऱ्याला लागले. पुढे त्या बेटाचं नावच 'रॅट आयलंड' पडलं. उंदीर कोल्ह्यापेक्षा वाईट, कारण कोल्हा न शिरू शकणाऱ्या फटीतही तो शिरतो. किस्का बेटावर त्यांनी मारलेले ऑकलेट बिळांत रचून ठेवलेले सापडले आहेत. कित्येकांचे फक्त डोळे आणि मेंदू खाल्लेला, बाकीचा पक्षी तसाच.

२००८ च्या शरद ऋतूत रॅट आयलंडवर हेलिकॉप्टरमधून विषारी गोळ्या टाकण्यात आल्या. नियम एकच: बेटाचा एकही कोपरा सुटता कामा नये. उंदीर मेले, २०१० मध्ये बेट उंदीरमुक्त जाहीर झालं. पण चाळीसहून अधिक टकले गरुड आणि तीनशेहून अधिक कुरव पक्षीही मेलेले सापडले. गोळ्या आणि विष खाऊन मेलेले उंदीर कुरवांनी खाल्ले, मेलेले कुरव गरुडांनी खाल्ले. अंदाजापेक्षा हे नुकसान पुष्कळच जास्त होतं. मला विचाराल तर मोहीम योग्यच होती. पण ती बिनखर्चाची होती असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

पुढे काय झालं? २०१२ मध्ये बेटाला 'हवादाख' हे उनांगान नाव परत मिळालं. गरुड आणि कुरव सावरले. आणि दहा-अकरा वर्षांनी किनाऱ्यावरचे खडकही बदलले. उंदीर होते तेव्हा कुरव आणि ऑयस्टरकॅचर हे किनाऱ्यावरचे पक्षी कमी होते. हे पक्षी खडकाला चिकटलेल्या गोगलगायी खातात. खाणारे गेल्यावर गोगलगायी वाढल्या आणि त्यांनी समुद्री शेवाळ खरवडून खडक उघडे केले. उंदीर गेल्यावर ही साखळी उलट फिरली. पक्षी आले, गोगलगायी घटल्या, खडक पुन्हा शेवाळाने झाकले गेले.

उंदरांच्या मोहिमेच्याच वर्षी, तिच्या काही आठवडे आधी, माळेतल्या कासातोची बेटावरचा ज्वालामुखी फुटला. तारीख ७ ऑगस्ट २००८. तिथे काम करणाऱ्या दोघा संशोधकांना मासेमारीच्या एका बोटीने ऐन वेळी उचललं. लाखो ऑकलेट जिथे वीण करत तो उतार राखेखाली गाडला गेला आणि त्या वर्षीची पिल्लं गेली. पण जाणते पक्षी बहुतेक समुद्रावर होते. पुढच्या उन्हाळ्यांत ते परत येऊन फटी शोधू लागले. म्हणजे ज्वालामुखी एका वर्षाची वीण खातो आणि गप्प बसतो. उंदीर दरवर्षी खातो.

५. एकोणतीस रेनडिअर

बेरिंग समुद्राच्या मधोमध सेंट मॅथ्यू नावाचं बेट आहे, १९०९ पासून राखीव. दुसऱ्या महायुद्धात तिथे तटरक्षक दलाचं एक ठाणं होतं. अडीनडीला मांस असावं म्हणून १९४४ मध्ये २९ रेनडिअर आणून सोडले. लवकरच युद्ध संपलं, माणसं निघून गेली, रेनडिअर राहिले.

बेटावर दगडफूल माजलेलं होतं. आपल्या गोड्या मसाल्यात पडतं त्याच्याच जातकुळीतलं. रेनडिअरचं हिवाळ्यातलं मुख्य खाणं तेच. शत्रू कुणीच नाही. कळप दर अडीच वर्षांच्या आत दुप्पट होत गेला: २९ चे ५८, ५८ चे ११६, ११६ चे २३२. १९५७ मध्ये डेव्हिड क्लाइन या शास्त्रज्ञाने मोजणी केली तेव्हा १,३५० भरले. १९६३ मध्ये ६,०००.

गोम अशी की दगडफूल वर्षाला काही मिलिमीटरच वाढतं. ते बँकेतल्या ठेवीसारखं. शे-दोनशे जनावरं व्याजावर जगली असती. सहा हजारांनी मुद्दल संपवलं. १९६३-६४ चा हिवाळा कडक आला, बर्फ फार पडलं, जनावरांच्या अंगात चरबी नव्हती. १९६६ मध्ये क्लाइन परत गेले तेव्हा बेटभर सांगाडे पसरले होते आणि जिवंत रेनडिअर ४२ होते. त्यांत नर एकच, तोही धड शिंगं नसलेला. काही वर्षांत तेही संपले. लोकसंख्येच्या स्फोटावर बोलताना हे उदाहरण जगभर दिलं जातं. मला त्यातला वेगळाच भाग टोचतो: हे सगळं राखीव बेटावर, एकही नियम न मोडता घडलं.

६. कागदावरचं अभय

१९१३ च्या हुकमात आणखी एक मेख होती. दीपगृह, लष्कर आणि नौदल यांच्या कामाला या राखीवपणाची आडकाठी नसेल, असं त्यात म्हटलं होतं. त्याचा सगळ्यात मोठा फायदा घेतला गेला अमचित्का बेटावर. १९६५, १९६९ आणि १९७१ मध्ये तिथे जमिनीखाली तीन अणुस्फोट झाले. ६ नोव्हेंबर १९७१ चा 'कॅनिकिन' हा सुमारे ५ मेगाटनांचा, अमेरिकेने जमिनीखाली केलेला सर्वांत मोठा स्फोट. जमीन कित्येक फूट उचलली गेली, मग खचली आणि खड्ड्यात तळं तयार झालं. शेकडो समुद्री पाणमांजरं मेली. विरोध करायला व्हँकुव्हरहून एक मासेमारी बोट निघाली होती. ती बेटापर्यंत पोचली नाही, पण 'ग्रीनपीस' संघटनेचा जन्म त्या फेरीतून झाला.

स्फोटासाठी जागा निवडताना अमचित्काच का? कारण ते दूर होतं. कोल्ह्यांसाठीही हीच बेटं निवडली ती दूर होती, पळून जायला वाट नव्हती म्हणून. दूर असण्याने बेटाला संरक्षण मिळतं, ही समजूत इथे पार उलटी पडते.

७. जहाजांची वाट

तसंही ही बेटं आपल्याला वाटतात तेवढी आडबाजूला नाहीत. सपाट नकाशावर सिॲटलहून चीनला जायची वाट सरळ पॅसिफिकमधून दिसते. पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहा, तो ॲल्युशियन बेटांना घासून जातो. म्हणून दरवर्षी हजारो मालवाहू जहाजं याच माळेतून जातात.

डिसेंबर २००४ मध्ये 'सेलेंडांग आयू' हे सोयाबीन घेऊन चीनला निघालेलं जहाज इंजिन बंद पडून उनालास्का बेटाकडे वाहत गेलं. त्यावर भारतीय खलाशीही होते. खलाशांना उचलताना तटरक्षक दलाचं एक हेलिकॉप्टर लाटेच्या तडाख्याने कोसळलं आणि सहा खलाशी बुडाले. जहाजाचे दोन तुकडे झाले, इंधन तेल किनाऱ्यावर पसरलं. अभयारण्याच्या लोकांना त्यासोबत दुसरी धास्ती होती: जहाजावर उंदीर असले तर? तेलाचा डाग काही वर्षांत फिका पडतो. उंदीर पोचले की किनाऱ्यावर वंश चालवतात.

ही धास्ती किती खरी आहे ते बेरिंग समुद्रातल्या सेंट पॉल बेटावर दिसतं. तिथे साडेतीनशेच्या आसपास माणसं राहतात. २०२४ च्या उन्हाळ्यात एका रहिवाशाने उंदरासारखं काहीतरी पळताना पाहिलं. तेवढ्यावरून पथक आलं. पीनट बटर लावलेले मेणाचे ठोकळे जागोजागी ठेवले. दातांच्या खुणा उमटतात का पाहायला. कॅमेरे लावले, गवतात लेंड्या शोधल्या. कित्येक आठवडे शोधूनही ठोस पुरावा हाती लागला नाही.

८. पाणीच तापलं तर

कोल्ह्याला गोळी आहे, उंदराला विष आहे. २०१४ ते २०१६ दरम्यान ईशान्य पॅसिफिकमधलं पाणी कित्येक महिने नेहमीपेक्षा उष्ण राहिलं, त्यावर असा उपाय नव्हता. उष्ण पाण्यात छोटे मासे कमी झाले, जे होते ते कृश झाले. गिलेमॉटला रोज आपल्या वजनाच्या निम्म्याहून अधिक मासे लागतात. त्यामुळे चार-पाच दिवस उपास घडला तरी तो संपतो. किनाऱ्यावर सुमारे ६२,००० मेलेले पक्षी वाहून आले, तेव्हा खरा आकडा मोठा असणार एवढंच कळलं होतं.

तो कळला २०२४ मध्ये, आणि कळला तो याच अभयारण्यातल्या मोजणीमुळे. हेदर रेनर आणि सहकाऱ्यांनी तेरा वसाहतींच्या आधीच्या आणि नंतरच्या नोंदी ताडून पाहिल्या. सुमारे ४० लाख गिलेमॉट गेले होते, अलास्कातले निम्मे. त्या उष्ण काळाला बरीच वर्षं लोटली तरी संख्या सावरल्याचं दिसलं नाही. वर्षाला एक अंडं हे एक कारण झालंच. पण कड्यावर खांद्याला खांदा लावून उभं राहण्याचा गिलेमॉटला आणखी एक उपयोग असतो: चोचींची अशी सलग रांग असली की कुरवांना आणि गरुडांना आत घुसता येत नाही. निम्मे पक्षी गेले की रांगेत फटी पडतात, आणि उरलेल्यांची अंडी पूर्वीपेक्षा सहज उचलली जातात.